माईकला फँटम लागतं

शाहूपुरी, कोल्हापूर
गुरुवार, दुपार

ती. संयोगिताआक्का यांस,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे अंबादासचा, गुडघे परवानगी देतील तितका वाकून नमस्कार. तुमचा दमा कसा आहे? गडहिंग्लजला मिरचीचा बाजार भरला की तो उचल खातो, म्हणून विचारतो. साडूभाऊंची नवी कवळी बसली का, की अजून वाटीतच हसते आहे? इकडे सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. क्षेम काही नाही. मी घाबरलो आहे. हे फोनवर सांगता आलं असतं, पण लीला घरातच असते आणि आमच्या दोन खोल्यांत एकाने सुस्कारा टाकला तरी दुसरा 'काय झालं?' विचारतो. शिवाय तुम्ही फोनवर बोलता ते फोन नसता तरी कोल्हापूरला ऐकू आलं असतं. (राग मानू नका. तुमच्या आवाजाबद्दल मला आदरच आहे, आणि पुढं त्याचं काम पडणार आहे.)

लीलाच्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन येत्या मंगळवारी आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. डॉक्टर म्हणाले, गाठ साधी आहे, जिवाला धोका नाही. फक्त आवाजाची नस अगदी खेटून जाते, त्यामुळे शंभरात एखाद्याचा आवाज कायमचा बसतो. लीलाने त्यातले नव्व्याण्णव ऐकले आणि घरी येऊन शेंगा फोडायला बसली. मी तो एक ऐकला. आक्का, शंभरात एखाद्याला सोडतीत मिक्सर लागतो, तो मी कधीच नसतो. पण पन्हाळ्याच्या एसटीत शंभरात एखाद्याच्या डोक्यावर रॅकवरचा फणस पडतो, तो मीच. (खूण अजून आहे. न्हाव्याला विचारा.) म्हणून मला त्या एकाची धास्ती.

आता तुमच्या बहिणीचं एक गुपित सांगतो, जे तुम्हाला बहुधा माहीत नाही. ती रोज सकाळी तांदूळ निवडताना गाते. चार माणसांत नाही, हळदीकुंकवाला नाही, माझ्यासमोर तर नाहीच. मी पांघरुणातून डोकं काढलं की लगेच गप्प होते आणि 'चहा ठेवू?' म्हणते. त्यामुळे लग्न झाल्यापासून मी जागा असून झोपेचं सोंग घेत आलो आहे, मधूनमधून घोरतोसुद्धा. सगळे पाहुणे मला सूर्यवंशी म्हणतात. म्हणोत. त्या आवाजासाठी मी सकाळी उठत नाही, आणि तो आवाज गेला तर न उठण्यात तरी काय अर्थ उरला? म्हणून ठरवलं, की मंगळवारच्या आत तो कुठंतरी साठवून ठेवायचा. आधी मोबाइल तांदळाच्या डब्यामागं लपवून बघितला. त्यात शेजारच्यांचा मिक्सर फार सुरेख आला.

म्हणून चांगला माईक आणायला लक्ष्मीपुरीत गेलो. दुकानदार सयाजी हा तालमींना आणि मंडळांना भिंतीएवढे स्पीकर पुरवणारा माणूस, बोलतोही त्याच मापाने. "कशाला पायजे, पावणं? मिरवणुकीला, का भजनाला?" मी म्हटलं, घरी. "घरात किती माणसं हाईत?" मी म्हटलं, दोन. त्याने माझ्याकडं फार कणवेने बघितलं आणि विचारलं, "मालकीण ऐकंना व्हय?" बायकोचा आवाज जायची भीती वाटते, हे त्या स्पीकरांच्या भिंतीसमोर कसं सांगायचं? मी म्हटलं, मी भजन शिकतोय. (माझं भजन! तुम्ही हसलात ते इथंपर्यंत ऐकू आलं.)

त्याने दोन माईक समोर ठेवले. पहिला डायनॅमिक. "ह्यो पैलवान गडी हाय. तोंडाला लावल्याबिगर कुणाचं ऐकत न्हाय, आपटला तरी मोडत न्हाय." दुसरा कंडेन्सर. "ह्यो लई हळवा. समद्यांचं ऐकतोय. शेजारी भाकरी थापली तरी ह्यात येतंय की. गल्लीत घर असंल तर गपगुमान पैलवान न्या." सल्ला सोन्यासारखा होता. पण मला लगेच धसका बसला, की पैलवानाने लीलाचा एखादा बारीक सूर ऐकलाच नाही तर? नंतर तो सूर मागायला कुणाकडं जायचं? मी हळवाच घेतला. बाकी आयुष्यातही मी भीतीपोटी जे जे घेतलं ते असंच जास्तीचं निघालं, पण तो विषय वेगळा. पिशवीत घालताना सयाजी म्हणाला, "आणि ह्याला फँटम लागतंय बरं का."

आक्का, फँटम म्हणजे भूत, एवढं इंग्रजी पन्हाळ्याच्या कचेरीत फायली वाहूनही येतं. आणि आपल्या भाषेत 'लागतं' म्हणजे जरुरी असते तेही, आणि झपाटतं तेही. ऑपरेशनच्या आठवड्यात माणसाने यातला कुठला अर्थ धरावा? पुढं त्याने समजावलं, की माईकला थोडी वीज लागते, ती आवाजाच्याच वायरमधून न दिसता जाते म्हणून तिला फँटम म्हणतात, आणि त्यासाठी हा एक डबा घ्या, त्याचं बटण दाबलं की तांबडा दिवा लागतो. मला पटलं. पण जिना चढताना मी स्वतःशी 'फँटम लागतंय, फँटम लागतंय' असं घोकत होतो (विसरायला नको म्हणून), आणि खालच्या मजल्यावरच्या चिमणाबाई दारातच उभ्या. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. आधी भुताचा सांगितला, विजेच्या अर्थावर यायच्या आत त्या ओरडल्या, "आपरेशनच्या तोंडावर झपाटल्याली वस्तू घरात आणलासा?"

घटकेत त्या मीठ, मोहऱ्या आणि मिरच्या घेऊन वर हजर. मिरच्या तुम्हीच पाठवलेल्या, संकेश्वरी, लीलाने त्यांना वाटून दिलेल्या. माईकची दृष्ट काढून त्या मिरच्या त्यांनी आमच्याच तव्यावर टाकल्या. घरभर असा खाट उठला की मला समोरचा माणूस दिसेना, आणि त्या धुरात लीला खोकायला लागली. मी तिचा गळा दोन्ही हातांनी धरून ठेवला, नस हलू नये म्हणून. ती म्हणाली, "खोकला मला आलाय, तुम्ही का घामाघूम? आणि सोडा की गळा, आपरेशनपर्यंत तरी राहू द्या मला." तिला हसू येत होतं. या बाईला भीती कशी वाटत नाही, याचीच मला जास्त भीती वाटते. चिमणाबाई मात्र 'ठसका लागला म्हंजी दृष्ट न्हवती' असा निकाल देऊन समाधानाने खाली गेल्या.

काल सकाळी रेकॉर्डिंग केलं. लीलाला सांगितलं, माझ्या भजनाचा माईक तपासायला आधी बाईचा आवाज घालावा लागतो, कंपनीचा नियम आहे. तिने माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि 'बरं' म्हणाली. पंखा बंद, खिडक्या बंद, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सगळ्या वाकळा टांगलेल्या, कुकरला बंदी. (जेवायला दहीपोहे.) मी देव्हाऱ्याखालच्या कोपऱ्यात डोळे मिटून बसलो, तोंडातून एक अक्षर काढायचं नाही असं ठरवून. आणि ती गायली, आक्का. तुमच्या आईंचं ते पाळण्याचं गाणं. माझ्यासमोर, मी जागा असताना, पहिल्यांदा. मधेच घंटागाडी आली, तिचा भोंगा वाजला, तरी ती थांबली नाही. मला भडभडून आलं. माझ्या अंगावरच्या टॉवेलने मी ते निभावून नेलं.

मग हेडफोन लावून ऐकायला बसलो. लीलाचा आवाज आडाच्या तळातून यावा तसा, लांबचा, पुसट. आणि त्याच्यावर, अगदी माझ्या कानाला लागून, कुणीतरी बाप्या पुटपुटत होता. घोगरा, दाटलेला, मधेच हुंदका दिल्यासारखा. शब्द ऐकायला मी थांबलोच नाही. हेडफोन फेकला. डब्यावरचा तांबडा दिवा माझ्याकडं टक लावून बघत होता. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, आक्का, मला त्यांची फक्त भीती वाटते. सयाजीला फोन केला, तर तो एकच विचारत राहिला, "त्वांड कुणीकडं केलंय? आधी त्वांड बघा!" मी म्हटलं, अहो, तिचं तोंड जिथं असतं तिथंच आहे. त्याने फोन ठेवला. तेव्हापासून माईकवर टॉवेल टाकून ठेवला आहे आणि त्या खोलीत मी 'जय अंबाबाई' म्हणूनच जातो.

मंगळवार जवळ येतो आहे. आवाज साठवायचा राहिला, उलट घरात एक आवाज जास्त झाला. साडूभाऊंना नमस्कार. तुमच्या उत्तराची वाट बघत नाही, कारण खरं काम खाली लिहिलं आहे.

आपला,
अंबादास (धीर गोळा करत असलेला)

ता. क. रविवारपर्यंत इकडे याच. तुम्ही शेजारी बसलात तर लीला लाजणार नाही, पुन्हा गाईल. तुम्हीही सोबत गा. तुमचा आवाज लागला की त्या डब्यातला कोण तो पुटपुट्या कर्नाटकात पळून जाईल.

ता. क. दुसरा. मी घाबरलो आहे हे लीलाला चुकूनही कळू देऊ नका. मी तिच्यासमोर शीळ वाजवत हिंडतो, तिला काडीचाही संशय नाही.

ता. क. तिसरा. येताना मिरच्या आणू नका.

आक्का, हे खालचं अक्षर माझं, लीलाचं. पत्र टेबलावर उघडं टाकून पाकीट आणायला हे पोस्टात गेलेत, शीळ वाजवत. हे घरी आल्यावर पाकीट मीच चिकटवून देते, म्हणजे ह्यांना माझं लिहिलेलं दिसायचं नाही.

भूतबीत काही नाही गं. नवी वस्तू म्हणून मी माईकला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा त्याचं तोंड देवाकडं केलं होतं. ते वळवायचं राहिलं. मी गायले त्याच्या पाठीला, आणि तोंडासमोर, देव्हाऱ्याखाली, हे बसलेले. एक अक्षर काढलं नाही म्हणतात! काल हे आंघोळीला गेल्यावर मी सगळं ऐकलं. ह्यांना स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. सबंध गाणंभर एकच चाललंय, 'आई अंबाबाई, हिचा आवाज राहू दे, पाहिजे तर माझा ने.' आता तूच सांग, ह्यांचा आवाज नेऊन देवी काय करणार? घंटागाडीवालासुद्धा घ्यायचा नाही.

आधी हसले. मग तांदूळ घेऊन बसले, तर निवडताच येईनात. मला खरंच भीती वाटत नव्हती, आक्का. ते ऐकल्यापासून वाटते. माईकचं तोंड सरळ केलंय, तू आलीस की गाऊ दोघी, ह्यांच्या मनासारखं. पण ते कालचं मी पुसणार नाही. गाणं मी पुन्हा गाईन, नाहीतर नाही गाणार. ह्यांच्या तोंडून असलं बोलणं पुन्हा निघायचं नाही.

मंगळवारी मला आत नेतील, तेव्हा मला गुंगीच असणार, माझं काही नाही. बाहेर बाकड्यावर हे एकटे असतील. म्हणून तू ये. माझ्याजवळ नको, ह्यांच्याजवळ बस.