यंत्राची तक्रार, मराठीतून

दाभोळ,
११ नोव्हेंबर २००६

प्रिय अस्लम,

चारचौघांत तुला तुम्ही म्हणायचं आणि पत्रात तू, हे आपलं निकाहापासून ठरलेलं आहे. आज ते फारच सोयीचं पडतंय, कारण तुम्ही म्हणून कुणाला धड झापता येत नाही. पत्र नेहमीसारखं उर्दूत नाही, मराठीत आहे, याचं तुला नवल वाटेल. शाळेत शिकलेली मराठी तू दोह्यात नोकरी करताना विसरला नसशील अशी आशा आहे.

ईदेनंतर तुझ्याबरोबरचा फैझान सुट्टीवर आला आणि तू त्याच्याबरोबर पाठवलेला तो स्कॅनर माझ्या हातात देऊन गेला. सोबत तुझी चिठ्ठी. फॅमिली व्हिसाचं आता जमतंय, तेव्हा निकाहनामा, आपल्या आयातचा जन्मदाखला आणि तिचा शाळेचा दाखला यंत्रातून काढायचे आणि दापोलीच्या सायबर कॅफेतून ईमेल करायचे. आपले कागद परक्याच्या हातात द्यायचे नाहीत. कागदपत्रांच्या कामासाठी कंपनी दहा दिवसांची रजा देते, पण हे यंत्र असल्यावर ती घ्यायची गरजच नाही, हे तू खाली रेघ मारून लिहिलं होतंस. ती रेघ मी बराच वेळ बघत बसले होते.

आता यंत्राविषयी. दिसायला लाटण्याएवढं, आणि अक्कल लाटण्याहून कमी. त्याला बटण एकच. दाबलं की चालू होतं, पुन्हा दाबलं की बंद होतं, आणि बोट जरा जास्त वेळ राहिलं की आतलं सगळं पुसून टाकतं. हे ज्याला सुचलं त्याला नोकरी कुणी दिली? पहिल्या दिवशी आयातने जातील ते कागद एकेक करून आत सारले, शेवटी खुशीत बटण दाबून धरलं आणि सगळं साफ. दिवाही एकच, हिरवा. तयार असलं तरी हिरवा, कागद अडकला तरी हिरवा. कागदांची चित्रं साठवणारं नखाएवढं कार्ड सेलच्या झाकणाखाली बसवलंय, म्हणजे कार्ड काढायचं तर आधी चारही सेल जमिनीवर सांडायचे आणि खाटेखालून गोळा करायचे. सेल निघाले की त्याचं घड्याळही मरतं, त्यामुळे प्रत्येक कागदावर एक जानेवारी दोन हजार अशी तारीख पडते. आणि याला म्हणे कुठेही न्यावं. नेलं मी. एसटीत बसून दापोलीला नेलं. कॅफेवाल्या दीपकने कार्ड कॉम्प्युटरला लावलं तर जन्मदाखला तिरका, आयातचं नाव अर्धं, आणि खाली एक काळा पट्टा. तो हसू दाबत म्हणाला, “वयनी, ह्यो बनवलान कोणी? त्यालाच एकदा वापरूक द्या.” त्याच्या मागे झाकणाचा मोठा स्कॅनर होता. दोन मिनिटांचं काम. पण तुझा हुकूम होता ना, परक्याच्या हातात कागद द्यायचा नाही. आले परत.

त्यातून आपल्या लोकांची ती सवय. खाऱ्या हवेत कागदाला बुरशी लागते म्हणून आपल्याकडे जो तो कागद हातात पडला की लॅमिनेशन करायला धावतो. तुझ्या अब्बांनी तर रेशनकार्डही केलं होतं, मग दुकानदाराला त्यावर लिहिता येईना. जन्मदाखला कसाबसा गेला, पण शाळेच्या दाखल्याचं प्लास्टिक जाड, आणि या शहाण्याचं तोंड एवढंसं, की ते आत जाईना. मी ब्लेडने प्लास्टिक सोडवायला गेले तर मुख्याध्यापकांची सही प्लास्टिकलाच चिकटून आली. दुसरा दाखला शाळेतून आणावा लागला. तू दहा दिवस वाचवायला निघालास आणि माझे पंधरा खाल्लेस.

अब्बांची मात्र चांगली करमणूक झाली. त्यांची खाट मी आता ओटीवर आणली आहे. बंदरावर मासळीचा लिलाव बघायला जात नाहीत, तेव्हा बसल्या जागी उशांना टेकून आमची फजिती बघतात. चाळीस वर्षं होडीवर तांडेलकी केलेला माणूस, त्यांनी यंत्र हातात घेऊन खेकड्यासारखं उलटसुलट केलं आणि निकाल दिला, “ही मशीन नाय, कुरली हाय. धरलान की सोडीत नाय.” स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की मग बराच वेळ दम लागला. मी पाठ चोळत राहिले.

निकाहनामा हा आपल्या घरातला एकमेव कागद, ज्याचं मी लॅमिनेशन केलं नाही. सही करताना तुझा अंगठा शाईवर फिरला आणि तिथे डाग पडला, त्यावर कधीमधी बोट ठेवायची मला सवय आहे. प्लास्टिकवरून ते कळत नाही. म्हणून तो मऊ राहिला, म्हणून तो यंत्रात गेला, आणि म्हणूनच तो फाटला. तुझ्या सहीतून आडवा, डागासकट. चिकटपट्टी लावलेला कागद तिकडे चालत नाही असं फैझान म्हणतो. जमातीच्या दफ्तरात रजिस्टर आहे, दुसरी नक्कल मिळते, पण नवऱ्याने स्वतः समोर बसून सही केल्याशिवाय ते देत नाहीत. मी विचारून आले. ईमेलची सही चालत नाही, यंत्राची तर नाहीच.

आता खरं सांगते. निकाहनामा पहिल्यांदा अडकला तेव्हा अब्बांनी जाळं विणायच्या सुईने तो सोडवला होता. टोकालाही धक्का न लावता शाबूत काढून दिला. दुसऱ्यांदा तो मी आत घातला, वाकडा धरून, तुझ्या सहीच्या बाजूने. डॉक्टर म्हणाले आहेत, अब्बांचं हृदय थकलंय, ज्यांना भेटायचं त्यांना बोलावून घ्या. अब्बांनी त्याच दिवशी माझ्याकडून जबान घेतली की तुला आजारपणाचं एक अक्षर कळवायचं नाही. अम्मीच्या वेळी तू करार मोडून धावत आलास, दफनालाही पोचला नाहीस, आणि नोकरी गेली ती गेलीच. दोन वर्षं तू ओटीवर बसून होतास, ते त्यांनी रोज पाहिलंय. शुक्रवारी तुझा फोन येतो तेव्हा ते शेजारी बसून माझं तोंड बघत असतात. माझी पत्रं ते वाचून मगच पाकिटात घालू देतात, फक्त मराठी त्यांना वाचता येत नाही. जबान मी मोडली आहे, त्याचं मी बघून घेईन. कागदांची रजा मागितली तर कुणी नोकरी काढून घेणार नाही, आणि फाटलेला कागद तर आता खराच आहे. ते दहा दिवस घे आणि लगेच नीघ. आत्ता त्यांनी विचारलं, एवढं काय लिहितेस? म्हटलं, तुमच्या लेकाच्या मशीनला शिव्या घालतेय. म्हणाले, “माजीपण एक घाल.” ती मी लिहीत नाही, अस्लम. ती त्यांच्या तोंडून ऐकायला ये.

तुझीच,
रझिया