ऐरणीचं पहिलं कुंकू

आबा, काल खंडेनवमीला तुमच्या चेल्याकडे गेलो होतो. माझा हा दोस्त तुमच्या भात्यापाशी बसून लोहारकाम शिकला, आता कळमनुरीत वेल्डिंगचं दुकान टाकून बसलाय. दुकान कसलं, भंगाराचा उकिरडाच! दारात उघडं पडलेलं मळणीयंत्र, भिंतीला पत्र्याचे तुकडे, मधेच कुलरच्या जाळ्या. स्टूल हवं तर आधी त्याच्यावरचं सामान ठेवायला जागा शोधा. "हात लाव की सायेब," तो म्हणाला, "का पँट खराब होते?" मग मी झेंडूच्या माळा ओवायला बसलो. तो अवजारं धुऊन, तेलाचा हात फिरवून पोत्यावर मांडत होता. सोयाबीनच्या हंगामात त्या गल्लीत बोललेलं ऐकू येत नाही, पण काल अवजारं पूजेला बसलेली, ग्राइंडर बंद. ती शांतता मला सोसेना. तुम्ही माझी वाट बघत गेलात, हे इतकी वर्षं मला आतून खात आलंय, आणि शेवटी तुमच्याजवळ होता तो हाच. त्या दिवसांबद्दल त्याला विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

तुमची ऐरण त्याच्याकडेच आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मी ती कुठे ठेवणार होतो? तिला माळ घातली तशी त्यानं कुंकवाची डबी माझ्यापुढे सरकवली. ऐरणीला पहिलं कुंकू घरच्या लेकाच्या हातचं, हा तुमचा नेम. मी म्हणालो, "तूच लाव की, दुकान तुझं."

"येकदा लावलं ना. तुह्या नावानं."

मला काही कळेना. मग त्यानं सांगितलं. तुमची शेवटची खंडेनवमी. मला सुटी मिळाली नव्हती. तुम्ही बाजेवर, डोळ्यांनी दिसणं बंद झालेलं, आणि सकाळपासून एकच धोशा, पोरगं आलं का? दिवस कलला तरी ऐरण तशीच. शेवटी याला राहवेना. "आलंय आबा," म्हणाला, कुंकू लावलं आणि तुमच्या उशाशी मुकाट बसला. दसरा झाला आणि तुम्ही गेलात.

"काय म्हणले मग आबा?" मी विचारलं.

"काई न्हाई. माहा तळवा चाचपत राह्यले लई येळ. मंग म्हणले, जेवलास का रे लेकरा? मी नुसतं व्हय म्हणलो." त्यानं बाहीनं डोळे पुसले. "वळखलं आसंल का रे त्यायनी?"

"न्हाई. वळखलं असतं तर शिव्या घातल्या असत्या तुला."

तो केवढा खूश झाला म्हणून सांगू! "मंग बराबर," म्हणाला आणि उदबत्त्या लावायला उठला. मी कुंकू लावलं. तिथंच रडू फुटलं, त्याला वाटलं तुमच्या आठवणीनं.

तुमचा पत्ता असता तरी हे पाठवलं नसतं; तुम्हाला यात नवं काय? अंधारात नुसती विळी चाचपून ती कुणाच्या हातची ते सांगणारे तुम्ही. त्याच्या तळव्याला घणाचे घट्टे, ठिणग्यांचे व्रण. मी तर उभ्या जन्मात पेनापेक्षा जड काही उचललं नाही. तुम्हाला कळलं होतं आबा. कळूनही तुम्ही त्याचं मन राखलंत. हे त्याला मी कधी सांगणार नाही. म्हणजे मी आलोच नाही हे कळून तुम्ही माझी वाटच बघत गेलात.