डाव्या गालातले खिळे

३ फेब्रुवारी, सकाळ
ही डायरी फोमवाल्या व्यापाऱ्याने दिवाळीत दिलेली. जानेवारीची पानं कोरी गेली, कारण जानेवारीत तक्रार नव्हती. आज आहे. तोंड आलंय. जिभेच्या डाव्या कडेला, मसुराच्या दाण्याएवढं. मी तंबाखू खात नाही, सुपारीचं खांडही नाही. म्हणजे कारण बाहेरून आलेलं आहे. ते बायकोच्या, म्हणजे कुंदाच्या माहेरून, बदलापूरहून, स्टीलच्या डब्यात आलं. ठेचा. बायकोला तसं स्पष्ट सांगितलं. तिने डबा माझ्यापुढून उचलून स्वतःपुढे ठेवला.
तीन दिवसांत बरं होईल. करणारच.

४ फेब्रुवारी
कॅम्प दोनमध्ये हाताने सोफा ठोकणारा कारखाना आता माझा एकट्याचाच उरलाय. डाव्या गालात पंचवीस बारीक खिळे भरायचे, जिभेने एकेक ओठावर आणायचा, चुंबकाच्या हातोडीने उचलायचा, ठोकायचा. याच रस्त्यावर फुटपाथवर बसून खुर्च्यांना रेक्झिन लावायचो. आज अकरा कारागीर. सगळे गालात खिळे धरतात. तो माझा नियम.
समोर संतोषचं दुकान. चामटोली गावचा. सात वर्षं माझ्याकडे शिकला आणि समोरच कंप्रेसर आणून पिन मारायची गन लावली. दिवसभर फट् फट्. ज्याला स्वतःचं तोंड वापरता येत नाही त्याने धंद्यात येऊ नये.
माझे कान तिखट आहेत. करवतीच्या आवाजातही कोण काय कुजबुजतंय ते कळतं. पण माझ्या माणसांत कुजबुजच नाही. जेवणाच्या सुट्टीत अकरा जण, अकरा डबे ताकभात, मुकाट. लोणचंसुद्धा नाही. ही शिस्त आणि हा साधेपणा ते माझ्याकडून शिकले.

८ फेब्रुवारी
बरं झालेलं नाही. टूथपेस्ट बदलली. जुन्या पेस्टच्या कंपनीला पत्र लिहिणार आहे.
सून चैत्राली दातांची डॉक्टर. अंबरनाथ पश्चिमेला क्लिनिक. सून म्हणून उत्तम आहे. जेवताना मी गरम आमटीवर तोंडाने हवा ओढली, ते तिने ऐकलं. लगेच यादी सुरू. जीभ चावली जाते, दात टोचतो, ताण, जागरण, बी-ट्वेल्व्ह कमी, लोह कमी. लोह म्हटल्यावर मला हसू आलं. बत्तीस वर्षं लोह गालात बाळगून आहे. माझ्याइतका थेट पुरवठा कोणाला असेल?
किती दिवस झाले, विचारलं. चार म्हणालो. डॉक्टरांना दिवस थोडे कमीच सांगावेत. जास्त सांगितले की त्यांना उत्साह येतो.

१३ फेब्रुवारी
उपचार हातात घेतले आहेत. जाईची पानं चावून थुंकायची. जाईचा वेल तळमजल्यावरच्या मोतीबाईंचा. सहा पानं तोडली तर बाई गॅलरीतून ओरडल्या, की हेमचंद्रराव, बकरी पाळलीत का. उत्तर देणार होतो, पण जीभ झोंबली.
शिवाय गुलकंद, मध-हळद. दुकानात सिंधी गिऱ्हाईक म्हणाला, साईं, पीलिया हुआ है क्या. दात पिवळे दिसत होते म्हणे. त्याला सोफा दाखवलाच नाही. गेला संतोषकडे. जाऊ दे.

१८ फेब्रुवारी
व्यापारी मंडळाची मीटिंग. दोन मार्चला वार्षिक कार्यक्रम आहे, त्यात गनवाली कंपनी प्रात्यक्षिक दाखवणार. त्यांचा सेल्समन म्हणाला की हाताचं काम संपलं. मी उभा राहिलो. म्हटलं, एक खुर्ची मी हाताने ठोकतो, एक तुम्ही गनने ठोका, मंडळ बघेल. टाळ्या. गन चालवायला संतोषला निवडलं. तो नुसता माझ्या गालाकडे बघत राहिला. घाबरलेला आहे.

२० फेब्रुवारी
उजव्या गालात खिळे धरून सराव. उजवा गाल अडाणी आहे. पंचवीस भरले, चोवीस निघाले. एक कुठे गेला ते कळेना. चहा घेतला नाही, हललो नाही. दोन तासांनी शर्टाच्या खिशात सापडला. मला खात्री होतीच.
सराव डाव्याच गालात करायचं ठरवलं.

२२ फेब्रुवारी
चैत्रालीने परत विचारलं, किती दिवस. चार म्हणालो. ती म्हणाली की दोन आठवड्यांपूर्वीही चारच होते. म्हटलं, तो गेला, त्याच्या जागी हा दुसरा भाडेकरू आला. तिला हसू आलं नाही. साधं तोंड आलं तर आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत जातं, म्हणाली. तीन आठवड्यांच्या वर राहिलं तर दाखवलंच पाहिजे. कड टणक लागली, रक्त आलं, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल डाग दिसला, जीभ बधिर झाली, तोंड पूर्ण उघडेना, गळ्यात गाठ लागली, तर एक दिवसही थांबायचं नाही. आणि दुखत नाही म्हणून खूश व्हायचं नाही. मी पेपर वाचत होतो. ऐकतच नव्हतो. वर लिहिलेलं सगळं आपोआप ऐकू आलं.
दुपारी आरशासमोर गळा चाचपला. मधोमध गाठ. चांगली टणक. दिवा लावून परत चाचपली. कुंदाला हाक मारली. तिने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली की हा कंठ आहे, लग्नातही होता.
मला भीती वाटली नव्हती. खात्री करून घेत होतो.

२४ फेब्रुवारी
तीन आठवडे झाले असं कुंदा म्हणते. पण हा महिना अठ्ठावीस दिवसांचा. पूर्ण महिन्याच्या हिशेबाने धरलं तर कमीच भरतात.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
खिचडीत हिरवी मिरची. एक घास तोंडात घेतला आणि जाहीर केलं की या वर्षी कडक उपास, पाणीसुद्धा नाही. कुंदाने उकडलेला बटाटा दह्यात कुस्करून पुढे ठेवला. देवाला चालेल म्हणाली. खाल्ला.
हल्ली डब्याला मीही ताकभातच नेतो. साधेपणा.

२ मार्च
लिहायचं नव्हतं. लिहितो.
हॉल भरलेला. डाव्या गालात पंचवीस भरले. पहिले सहा झकास, लोक वा वा करत होते. सातवा जिभेने पुढे आणताना त्या जागेवरून घासला. डोळ्यांपुढे काजवे. उरलेले सगळे खिळे एकदम बाहेर उडाले. त्यातले तीन अध्यक्षांच्या सरबतात.
फट् फट् थांबलं. संतोषची खुर्ची अजून अर्धीच झाली होती. गन खाली ठेवून तो पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि माझ्या हनुवटीखाली हात धरला.
"शेठ, थुका. खिळा ऱ्हायला असंल तर थुका." मग हळूच म्हणाला, "माजं तोंड तुमच्याकडं असताना तीन म्हैने आलेलं. म्हनून गन घेतली. तुमच्या अकरा जनांची तोंडं बगा जाऊन. ताकभात काय हौसेनं खातात?"
मी म्हटलं, मला कोणी सांगितलं का नाही?
"तुमाला कोन सांगनार?"
माझा सगळ्यात जुना कारागीर प्रज्वल पहिल्याच रांगेत होता. त्याच्याकडे बघितलं. तो गालिचा बघत होता. खुर्ची कोणाची जिंकली हे कोणी विचारलं नाही.

४ मार्च
कुंदाने क्लिनिकमध्ये नेलं. चैत्रालीने खुर्चीत बसवून विचारलं, किती दिवस. चार म्हणालो. कुंदाने पर्समधून ही डायरी काढली आणि तीन फेब्रुवारीचं पान उघडून तिच्यापुढे धरलं. एकोणतीस दिवस. माझी खासगी डायरी! ती पहिल्या दिवसापासून वाचते आहे म्हणे. ठेच्याबद्दल वेगळं बोलायचं आहे, असंही म्हणाली.
चैत्रालीने छोटा आरसा घातला, हातमोजा घालून कड दाबून पाहिली, गळा चाचपला. खालच्या डाव्या दाढेचा कोपरा फुटलाय. खिळा चावला गेला असणार. फुटलेली कड पात्यासारखी, जीभ रोज तिच्यावर घासते, आणि वरून खिळे. कड घासून गुळगुळीत केली. मग माझा हात हातात घेतला.
"बाबा, दोन आठवडे. भरलं नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. आता दिवस मी मोजणार."
ती क्लिनिकमध्ये मला बाबा म्हणत नाही. तेवढंच वाईट वाटलं.

५ मार्च
कारखान्यात जाहीर केलं की तोंडात खिळा धरायला आजपासून बंदी. बदलत्या काळाचा विचार करून हा निर्णय मी स्वतः घेतला, हेही सांगितलं. अकरा जणांना चैत्रालीकडे पाठवणार, दोघे-दोघे. गन आल्या. शिकवायला संतोष आला. त्याच्या शिकवण्यातल्या चुका टिपून ठेवायला हे पान मोकळं ठेवतोय.

११ मार्च
पाच तारखेचं पान अजून मोकळं आहे. मसुराचा दाणा मोहरीएवढा झाल्यासारखा वाटतो. आरसा दिवसातून एकदाच बघायचा असा निश्चय. नऊ वेळा बघितला.

१८ मार्च
भरलं. चैत्रालीने दोनदा पाहिलं, मग हातमोजे काढून स्टुलावर बसली. तुकडा काढायचा नाही. मला पहिल्यापासून माहीत होतं. परत येताना रिक्षावाल्याला घराचा पत्ता दोनदा चुकीचा सांगितला. रिक्षाचा आवाज फार होता.

२० मार्च
जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात कल्ला. ठेचा, लोणचं, कच्चा कांदा, अकराही जण एकदम बोलत होते. कंप्रेसर बंद होता आणि माझे कान तिखट. दाराआड उभा राहिलो. किती वर्षांचं साचलेलं होतं आणि सुट्टी अर्ध्या तासाची. विषय एकच. मी.
शेवटी प्रज्वल उठला आणि गालात खिळे भरल्यासारखं करून त्याने माझी नक्कल सुरू केली. सुट्टी संपून पाच मिनिटं झाली होती. बेल माझ्याच हाताशी होती. वाजवली नाही. नकलेत अध्यक्षांचं सरबत अजून व्हायचं होतं.