दुसरा भाग कधी?

जऊळका,
रविवार

योगिनीताई,

तू सासर सोडून आली, ते म्या नाव बदलून ऑनलाइन लेखन ग्रुपवर लिहिलं. चारशे लोकायनं वाचलं. अर्धे म्हणे, बाईनं थोडं सोसाले पाह्यजे होतं. मी एकेकाले उत्तर देत बसली. पोळ्या लाटतानाबी मोबाईल समोरच. पंधरा दिवस तुह्यासाठी भांडली, अन् तुलेच एक फोन केला नाही.

शेवटी तूच केला. म्हणाली, "रूपा, नाव बदललं, पण माह्या हातावरचा चटका तसाच ठेवला. गावानं ओळखलं मले."

काल गोष्ट काढून टाकली. ग्रुप चालवणाऱ्या मॅडमनं विचारलं, "दुसरा भाग कधी?" म्या सांगितलं, आता घरच्या माणसायवर लिहिणार नाही. रविवारी एक तास येईन, वाचीन, कोणासंग वाद घालणार नाही. ग्रुप मात्र सोडवत नाही, ताई. तिथंच मले कोणी लेखिका म्हणते. पण लय थकली मी.

हे पत्र तुले पाठवत नाही. फोन ठेवताना तू म्हणाली होती, "माह्यावर आता एक ओळबी लिहू नको." अन् हे पान तर पुरं भरलं.

तुही लहानी,
रूपा