तानबाकाकांची मेथीची जुडी

रीताताई, आईच्या पाया पडलो असं तिले सांगजो.

आज लिहितो, उद्या लिहितो म्हणत पत्र राहूनच गेलं. मी मजेत आहो, पोटभर जेवतो.

देवळीले तानबाकाकांच्या भाजीच्या वावरात काम धरलं होतं. (मधातच केळझरचा गणपती पाहून आलो, ते मंग सांगीन.) काकाले लकवा मारला, उजवा हात गेला, पायातलंही बळ गेलं, खाटेवरून उठता येत नव्हतं. त्यांचं कोणी नाई, म्हणून वर्ध्याच्या दवाखान्यात मीच जवळ राह्यतो.

काका जेवतच नव्हते. असंच चाललं तर नाकातून नळी घालू, डॉक्टर म्हणाले. मी घास भरवाले गेलो, तर जया सिस्टरनं हात धरला.

"काऊन जी, उपाशी मारता का त्याइले?"

"गिळता येतं त्यांना. पेशंटला जमतं ते त्यालाच करू द्यायचं, न जमेल तेवढंच आपण करायचं, असं आमच्या नर्सिंगच्या पुस्तकात आहे. घरी काय करायचे काका?"

"मेथीच्या जुड्या बांधत."

दुसऱ्या दिवशी सिस्टरनं सुटी मेथी आणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. काका लय वेळ पाहत राह्यले. मंग डाव्या हातानं काड्या सारख्या केल्या, सुतळीचं टोक दातात धरलं अन् जुडी बांधली, ताई!

"ढिली झाली बे," मले म्हणाले, "बाजारात हसतीन लोक." अन् ताट सोताच ओढलं.

पुस्तकातली गोष्ट अशी डोळ्यासमोर खरी होते, हे मले माहीतच नव्हतं.

आईचा गुडघा कसा आहे? मी घर सोडून भटकतो म्हणून माह्यावर अजून रागावूनच आहे का?

थांब. मी व्हरांड्यात लिहून राह्यलो, अन् दारात कोण आलं सांगू? तानबाकाका! भिंत धरून, आपल्या पायानं. मागं सिस्टर आहे, दोन्ही हात पुढं केलेले, पण काकाले लावलेले नाई.

तुहा भटक्या,
पीयूष