चौदाव्या मजल्यावरची भिंत

बाबा,

पुलावरून गाड्या हळू न्यायचा हुकूम तुम्ही कसा काढायचात, ते हल्ली सारखं आठवतं. मी शाळेत होते, मद्रासला एग्मोरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये स्वयंपाकघरात तुमच्या शेजारी दहीभात खात होते. नदीला पूर येऊन गेला होता आणि एका खांबाच्या पायथ्याचे दगड वाहून गेलेले तुम्ही पाहून आला होतात. पुलांचे इन्स्पेक्टर तुम्ही. तुमची सही झाली की मेल असो की मालगाडी, तिथून माणसाच्या चालीनं जायची. जेवतानाच वरच्या साहेबांचा फोन आला. तुम्ही उष्टा हात बाजूला धरून म्हणालात, "साहेब, स्वतः येऊन बघा. तोवर गाडी हळूच जाईल." आई म्हणाली, "सगळं मद्रास शिव्या घालतंय तुम्हाला." तुम्ही पुन्हा भातात हात घातलात. "घालू दे. शिव्या घालतायत म्हणजे पलीकडे पोचलेत."

माझ्याकडे असा हुकूम नाही, बाबा. मी उंच इमारतींचे सांगाडे आखते, एवढं तुम्ही पाहून गेलात. इथल्याच अड्यार भागात मी आखलेली एक इमारत आहे, ती तुमच्यानंतरची. हिच्यात वेगळे खांब फारसे नाहीतच. काँक्रीटच्या भिंतीच वरचा भार पेलतात आणि वाराही त्याच अडवतात. राहणाऱ्याला ती नुसती भिंत दिसते, कॅलेंडर लावायची. चौदाव्या मजल्यावरच्या गृहस्थांना वास्तू बघणाऱ्यानं सांगितलं की स्वयंपाकघराचं दार पूर्वेला हवं. त्यांनी भिंत कापून दार काढलं, आतल्या सळ्यांसकट. खालच्या घरातली मुलगी नागपूरची, आयटीत आहे. कापण्याचा आवाज ऐकून तिला राहवेना, तिनं विचारत विचारत मला शोधून काढलं.

मी गेले. नव्या चौकटीला हळदकुंकू, वर आंब्याचं तोरण. गृहस्थ सज्जन, आधी कॉफी दिली. "ओरु सुवरु दाने, मॅडम?" एकच तर भिंत आहे. मी माझ्या मोडक्या नव्हे, चांगल्या तमिळमध्ये समजावलं, कागदावर काढून दाखवलं, पुन्हा सळ्या बसवून काँक्रीट ओतता येईल म्हणाले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, दार झाल्यापासून बायकोच्या पोटात अन्न ठरतंय. तुमचं गणित बरोबर असेल, पण हे दार मी कसं बुजवू? ती त्याच दारातून बाहेर आली. डोक्याला रुमाल, भुवया गेलेल्या. मला विचारलं, कॉफीत साखर पुरे का. बाबा, मी आकृतीचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. मी पुरे म्हटलं.

सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, इमारत पडणार असं लिहून द्या, मग बघू. तसं कसं लिहू? ती आज पडणार नाही. आखताना मी थोडी जास्तीची ताकद ठेवली होती, त्यावर ती उभी आहे. पण ती चक्रीवादळासाठी होती, स्वयंपाकघराच्या दारासाठी नव्हे. आणि आता दुसऱ्या दोन मजल्यांवरचे लोक त्या वास्तूवाल्याचा पत्ता विचारतायत. सरकारी कचेरीत अर्ज केलाय, तो या टेबलावरून त्या टेबलावर जातोय. माझ्या ऑफिसातले म्हणतात, ताबा देऊन झालाय, आपण कशाला पडायचं त्यात.

खाली उतरले तर ती नागपूरची मुलगी दार उघडून उभी, कडेवर बाळ. "ताई, आम्ही झोपायचं ना इथे?"

मी म्हटलं, झोपा.

गणित तेच सांगतं, मी खोटं बोलले नाही. पण तुम्हाला गाडीतल्या माणसांची तोंडं कधी दिसली नाहीत; तुम्ही सही केलीत आणि गाडी हळू झाली. मला तोंड दिसलं आणि हळू करता येईल असं काहीच हाताशी नव्हतं. तुम्ही असतात तर काय केलं असतंत, हे विचारायला लिहायला बसले होते. पण तुमच्याकडेही याचं उत्तर नसतं, असं लिहिता लिहिता वाटू लागलंय, म्हणून इथेच थांबते.

वादळाचे दिवस आलेत. समुद्राकडून वारा सुटला की मी त्या मुलीला फोन लावते. तिनं उचलला की चुकून लागला म्हणते. "असू दे, ताई," ती म्हणते, आणि लगेच ठेवत नाही.