एकही दिवस बंद न पडलेली गाडी

कर्जत,
सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

नरेश,

जय भीम. आधी ‘सप्रेम’ लावायची पद्धत असते, ती मला ठाऊक आहे. राहून गेलेलं नाही, मुद्दाम लिहिलेलं नाही.

मी बरी आहे. गुडघे बरे नाहीत, पण त्यांची चौकशी तू करणार नाहीस आणि मी सांगणार नाही. तुमचं भात झोडून झालं असेल, वाल टाकले असतील. कडावच्या वालाची इथे सगळ्यांना आठवण येते, म्हणजे वालाची येते. राजेशची बदली यंदाही झाली नाही. सून म्हणते, साहेब लोकांना नमस्कार करायला त्याला जमत नाही. माझ्यावर गेलाय, दुसरं काय.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू ‘रेंज नाय गं ताई’ म्हणतोस आणि ठेवून देतोस. पत्राला रेंज लागत नाही. शिवाय आमच्या शाळेतल्या सिस्टर सांगायच्या, रागाची गोष्ट सुवाच्य अक्षरात लिहावी, म्हणजे समोरच्याला ‘वाचता आलं नाही’ असं म्हणायची सोय राहत नाही. बाबांनी भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये जादा ड्युट्या करून मला सिस्टरांच्या शाळेत घातलं आणि तुला गावच्या, हे तू आयुष्यभर मला ऐकवलंस. तर घे. त्या शाळेचा उपयोग आज तुझ्यासाठीच करते आहे.

विषय रियाच्या गाडीचा आहे.

पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय एकोणीस, उंची माझ्या खांद्याला, हट्ट घरभर. खालापूरच्या बाजूला तिच्या ड्युट्या लागतात. सहा माणसांच्या मिनीडोरमध्ये अकरावी म्हणून बसून जाते आणि येताना तेही मिळेल याची खात्री नसते. शनिवार-रविवारी रिसॉर्टच्या काउंटरवर उभी राहून तिने स्वतःचे पैसे साठवले, राजेशने थोडी भर घातली. नवी गाडी त्यात बसत नाही. म्हणून जुनी. आणि जुनी म्हणजे किती जुनी, किती पळालेली, यावरून आमच्या घरात दिवाळीपासून दुसरं बोलणं नाही. राजेश म्हणतो थांब. सून म्हणते स्कूटर घे. रिया म्हणते, हायवेला स्कूटरवरून पडलेली माणसं आमच्याच वॉर्डात येतात, मी बघते ना.

तेवढ्यात तुझा तिला फोन. माझी हाय ती घे, घरातल्या घरात, कंपनीची माणसं ने-आण करायचं कंत्राट संपलं, पिवळी पाटी काढून पांढरी लावून घेतली, कुंभिवलीला हायवेच्या कडेला विकायला लावली हाय, पण परक्याला देण्यापेक्षा तुला देतो.

तुझ्या त्या पांढऱ्या डिझेल गाडीचा किलोमीटरचा आकडा दोन लाख ऐंशी हजारांच्या पुढे आहे. मी तीस वर्षं विमा कंपनीत गाड्यांच्या दाव्यांच्या टेबलावर बसले. गाडीवाल्यांनी लिहिलेली इतकी खोटी वाक्यं वाचली, की समोरचा ‘खरं सांगतो मॅडम’ म्हणाला की मी पेन उचलायची. मी रियाला सांगितलं, इतकी पळालेली गाडी म्हणजे दुसऱ्याने चावून टाकलेला ऊस. ती म्हणाली, आधी बघू तर दे.

म्हणून परवा ती गजाला घेऊन कुंभिवलीला गेली. गजा म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजचा. बोलतो फार, पण गाडीखाली शिरला की गप्प होतो. तू तेव्हा किल्ली शेजारच्या गाडीवाल्याकडे ठेवून जेवायला गेला होतास म्हणे. गजाने खालून पाहिली, वरून पाहिली, खालापूर फाट्यापर्यंत पळवून आणली. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून चहा पिताना म्हणाला, “आजी, पळालीय भरपूर, पण मामांनी लेकरागत ठेवलीय. डोळे मिटून घ्या.”

खरं लिहिते, मला वाईट वाटलं. गाडी खराब निघायला हवी होती. गजाने नुसतं नाक मुरडलं असतं तरी मी विषय मिटवला असता. तुझी गाडी कुंभिवलीच्या धुळीत वर्षभर सडताना मला बघायची होती. पण तू तिला वेळच्या वेळी ऑइल घातलंस, वेळच्या वेळी तपासून आणलंस, जरा आवाज आला की धावलास. लेकरासारखी ठेवलीस हे मला पटतं. आईसारखी ठेवली असतीस तर तिला ऑइलही मिळालं नसतं.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

रात्री जेवताना रिया म्हणाली, “पण आजी, पणजी गेली तेव्हा ह्याच गाडीचा गिअरबॉक्स गेला होता ना? गजा म्हणतो, गिअरबॉक्स कंपनीतून आला तसाच हाय, कुणी उघडलेला पण नाय.”

तिने हे गाडीसाठी विचारलं, नरेश. दुसरं काही तिच्या डोक्यात नव्हतं. गिअरबॉक्स दुरुस्त झाला असेल तर पुन्हा खर्च निघेल का, एवढाच तिचा प्रश्न. ती तेव्हा सोळा वर्षांची होती, आईच्या पुण्यानुमोदनाला विहारात माझ्या शेजारी मांडी घालून बसली होती. पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला, खोटं बोलणार नाही म्हणतात त्या शीलाला, तुझा आवाज सगळ्यांत मोठा होता. मग तू माईक घेतलास आणि सांगितलंस, त्या दिवशी गाडी बंद होती, गिअरबॉक्स गेला होता, गॅरेजला पडली होती, नाहीतर माझ्या आईला मी असं दुधाच्या टेंपोतून जाऊ दिलं नसतं. रडलास. सगळं कडाव रडलं. सोनाबाईने तुला पाणी दिलं.

मी रडले नाही म्हणून लोक मला दगड म्हणाले. म्हणू देत.

आता तुला आठवण करून देते, कारण तू ती चांगली पुरून ठेवली असशील. त्या दुपारी शेजारच्या सोनाबाईने मला फोन केला, गंगाबाईच्या छातीत कळ येतेय, घामाने भिजलीय, नरेश घरी नाय. मी तुला फोन केला. तू म्हणालास, पित्त असेल, सेकंड शिफ्टची माणसं सोडतो आणि येतो. मी रिक्षा केली आणि कडावला निघाले. चार फाट्यावर रिक्षा सिग्नल नसतानाही अडकली, नेहमीसारखी. आणि समोर तुझी गाडी उभी. इंजिन चालू, काचा बंद, आत एसी. कंपनीची दोन माणसं बसलेली, तिसऱ्याची वाट बघत होतास. तिथून कडाव दहा-पंधरा मिनिटं.

मी हात केला. तू मला पाहिलंस की नाही, मला आजही माहीत नाही.

डेअरीचा टेंपो सोनाबाईने अडवला होता. दुधाच्या कॅनमध्ये जागा करून, गोणपाटावर आईला झोपवलं, डोकं माझ्या मांडीवर. ती शुद्धीवर होती. तिला सगळं कळत होतं, तुलाही ती ओळखून होती. मला म्हणाली, “जिजा, नरूला बोलू नको काय. त्याचं काम जाईल.” कर्जतच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, इतका उशीर का केला.

तिच्या त्या शब्दासाठी मी तीन वर्षं गप्प बसले. राजेशला सांगितलं नाही, रियाला नाही. पण आईने सांगितलं ते तुझ्या कामासाठी. कंत्राट संपलं, असं तूच रियाला कळवलंस. काम राहिलं नाही, तेव्हा माझा शब्दही राहिला नाही.

आणि गाडी विकायच्या भरात तू पोरीला फोनवर काय म्हणालास, तेही तिने मला सांगितलं. एकही दिवस बंद पडली नाय, कंपनीचा एक फेरा चुकला नाय. तुझंच वाक्य आहे ना हे?

रियाला मी काहीही बोललेले नाही. एवढंच म्हणाले, मालकालाच विचार. येत्या रविवारी ती गजाला घेऊन पुन्हा येते आहे आणि सगळ्यांसमोर तुला विचारणार आहे, मामाआजोबा, गाडी कधी बंद पडली होती का? जुनी गाडी घेणारा प्रत्येक जण विचारतो तोच प्रश्न. पडली होती म्हणालास, तर खराब गाडी पोरीच्या गळ्यात मारत होतास. नाही म्हणालास, तर विहारात काय बोललास?

तुला अचानक गाठलं असतं तर तू काहीतरी सुचून बोलला असतास. म्हणून आधी कळवते आहे. हे पत्र बुधवार-गुरुवारी मिळेल. तीन-चार दिवस जेवण कसं जातं ते बघ.

तुझ्या आईची थोरली मुलगी,
जिजा


कर्जत,
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

नरेश,

जय भीम.

गाडी माझ्या दारात उभी आहे. खिडकीतून दिसते आहे. मी पाठ करून बसले आहे.

रविवारी मी आले नाही, कारण तुझं तोंड बघितलं असतं तर माझ्याच तोंडून उत्तर निघालं असतं. दिवसभर भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. सूनबाई म्हणाल्या, आई, आज काय आहे? म्हटलं, निकाल आहे.

संध्याकाळी हॉर्न वाजला. रिया उतरली, गजा उतरला आणि काही न बोलता गॅरेजकडे चालू लागला. गजा बोलत नाही म्हणजे काहीतरी झालं, हे मला कळलं. रियाने मला ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. तू काय बोललास ते मी इथे मुद्दाम लिहिते आहे, म्हणजे पुढे त्यात बदल होणार नाही.

तिने विचारलं. तिथे गजा होता, हायवेवरचे दोन गाडीवाले होते. तू बराच वेळ बॉनेट पुसत राहिलास. मग म्हणालास, “नाय बाळा. एक दिवस पण बंद नव्हती. तुझी पणजी गेली त्या दिवशी पण नव्हती. मी चार फाट्याला होतो. तुझ्या आजीची रिक्षा मी बघितली होती.”

पाहिली होतीस तर.

तीन वर्षं मी तुला एवढी एक सूट देऊन ठेवली होती, की काच बंद होती, कदाचित दिसलं नसेल. ती सूट मी परत घेते.

मला वाटलं, पोर आता गाडीवर थुंकून आली असेल. पण गाडी तर तिनेच चालवत आणलेली. मी काय काय बोलले ते लिहीत नाही, सिस्टरांनी ते शब्द शिकवले नव्हते. माझं संपेपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, “आजी, गाडीने काय केलं? गाडी तर चालू होती.”

तीस वर्षं दावे तपासले, असा दावा माझ्या टेबलावर आला नव्हता.

मग ती म्हणाली, हायवेला अजून चार गाड्या बघितल्या, चारही मालक खोटं बोलले. ज्या एका गाडीबद्दल खरं कळलं ती मी घेतली. आणि मला ड्युटीला जायचंय, तुझ्या भांडणाला पांढरी पाटी लावून त्यात बसता येत नाय. माझ्यावर गेली आहे, हे आधी लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

तू पैसे नको म्हणालास, हेही तिने सांगितलं. ओंजळीत किल्ली पुढे करून म्हणालास म्हणे, पणजीच्या नावाने घेऊन जा. तिने ठरलेली पूर्ण रक्कम तुझ्या खात्यात टाकली आणि तिथेच तुला दाखवली. आईच्या नावाने तुला स्वस्तात सुटता येणार नाही, हे त्या पोरीला मी न सांगता समजलं. तेवढ्यासाठी मी तिला दुधाची साय खायला दिली.

पण तिथून निघताना ती तुझ्या पाया पडली, हे मला आवडलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, त्यांचे हात थरथरत होते. थरथरू देत. माझी मांडी त्या टेंपोत थरथरत होती तेव्हा तू तिसऱ्या माणसाची वाट बघत होतास.

काल ती मला गाडीतून चार फाट्यापर्यंत घेऊन गेली. मी पुढे बसले नाही, मागे बसले. सीट स्वच्छ आहे, काचा वर-खाली होतात, एसी चांगला लागतो. सगळं चांगलं आहे, हेच मला सहन होत नाही. परत येताना वाटेत कडावची एक दिवस भरलेली बाई दवाखान्याच्या दिशेने पायी निघालेली दिसली, सोबत सासू. रियाने न विचारता गाडी थांबवली, दोघींना मागे माझ्या शेजारी बसवलं. सासूने मला विचारलं, बाई, गाडी कुणाची? मी म्हटलं, नातीची. ती म्हणाली, नाय, आधी कुणाची? बघितल्यासारखी वाटते.

मी गप्प राहिले. का राहिले, माहीत नाही. शेजारी ती बाई कण्हत होती म्हणून असेल.

पण हे पुन्हा पुन्हा होणार आहे, नरेश. रिया थांबवणारच, आणि ती गाडी सगळं कडाव ओळखतं. लोक बसतील आणि विचारतील. दर वेळी मी गप्प बसेन असं समजू नकोस, माझा तसा लौकिक नाही.

तू खरं बोललास ते हायवेवर, दोन परक्या गाडीवाल्यांसमोर. खोटं बोलला होतास ते विहारात, आपल्या माणसांसमोर, माईकवर. जिथे सांडलं तिथेच पुसायचं असतं. दुसरी किल्ली अजून तुझ्याकडे आहे, रिया म्हणाली घरी राहिली असं तू सांगितलंस. कुणाच्या हाती पाठवू नकोस. येत्या पौर्णिमेला कडावच्या विहारात मी आणि रिया येतो आहोत. वंदना होऊ दे, पंचशील होऊ दे, लोक उठायच्या आत माईक माग. रियाला बोललास तीच चार वाक्यं बोल, रिक्षेच्या वाक्यासकट. मग तिच्या हातात किल्ली दे.

आला नाहीस, तर माईक मी मागेन. माझा आवाज तुझ्याइतका मोठा नाही, पण शब्द स्पष्ट असतात.

माफीचं विचारू नकोस. ती माझ्याकडे नाही, आईकडे होती, आणि तिने ती टेंपोतच देऊन टाकली होती. तुला ती मिळाली हे सांगायला मी तीन वर्षं घेतली, यात मला अजिबात पश्चात्ताप नाही.

तुझी नव्हे, दुसऱ्या किल्लीची वाट पाहणारी,
जिजा